शफीचाचांचा उलटा हात

आमच्या घरात नेलपॉलिशची बाटली कायम असायची, पण ती कुणाच्या नखाला कधी लागली नाही. देव्हाऱ्याखालच्या फळीवर, नानांच्या पक्कड-पान्यांच्या पिशवीला टेकून ती उभी असे. आई रोज पूजेला बसली की तिच्याकडे एकदा रागाने बघायची. पोरींनी नखं रंगवणं तिला पसंत नव्हतं, आणि नवऱ्याने दुकानात जाऊन नखरंग विकत आणणं तर त्याहून नव्हतं. नाना म्हणजे माझे वडील. नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात ते इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. वर्षातून एकदा ते मला घेऊन मेन रोडच्या बांगड्यांच्या दुकानात जायचे आणि रंग निवडायला सांगायचे. गेल्या वर्षीचा नको, त्याच्या आदल्या वर्षीचाही नको, एवढीच त्यांची अट. दुकानातली बाई हसून विचारायची, घरी लग्नकार्य आहे का. नाना तोंडावरची माशी न हलवता सांगायचे, पॅनेलला लावायचंय.

हे पॅनेल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच लक्षात यायचं नाही. कारखान्यातल्या सगळ्या मोटारींना वीज वाटून देणारी लोखंडी कपाटं असतात. पुढून दारं, दारांवर बटणं आणि दिवे. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, त्यातून वीज धावते. पट्टीला पट्टी जोडलेली असते ती नट-बोल्टने. हा सांधा सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि एक दिवस सगळं कपाट घेऊन जातो. म्हणून वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून पॅनेलं उघडायची, झाडायची, प्रत्येक नट टॉर्कच्या पान्याने आवळायचा. हा पाना पुरेसं आवळलं गेलं की हाताला टक् करून सांगतो. टक् झालं की नटावरून पट्टीवर नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढायची. पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दर वर्षी वेगळा रंग, म्हणजे यंदा कुठे हात लागला ते बघताक्षणी कळतं. बाकी ठिकाणी पिवळा ऑइलपेंट वापरत. नानांना नेलपॉलिशच आवडायचं. छोटा ब्रश बाटलीतच असतो आणि फुंकर मारली की वाळतं, असं ते म्हणत. ‘आधी टक्, मग रंग,’ हे वाक्य मी लहानपणी शुभंकरोतीच्या बरोबरीने ऐकलं असेल.

सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत विजेचा एकही आवाज नानांच्या कानातून सुटत नसे. शेजारच्यांची ट्यूब कुरकुरायला लागली की ते जेवता जेवता उठून जात आणि चोक बदलून येत. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्यावरून पंप सुरू झाले की नाही ते सांगत. आई येवल्याकडची, तिला माणसांचे आवाज लागायचे, यंत्रांचे नव्हे. ती बाजरीची भाकरी थापायला बसली की मुद्दाम मोठ्याने थापायची, असं मला वाटे. ताटात भाकरी, उडदाचं घुटं आणि खरपूस भाजलेल्या शेंगदाण्यांची लसणाची चटणी. बहुतेक संध्याकाळी चौथं ताट असायचं, ते शफीचाचांचं.

शफीचाचा नानांचे जोडीदार. मालेगावचे. तिथल्या यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करत करत शिकले, कागदावरचं शिक्षण चौथीपर्यंत. नाशकात एक खोली घेऊन राहायचे आणि सुटीला घरी जायचे. परतताना आमच्यासाठी खारीचा पुडा. आई पहिल्यांदा थोडी अवघडली होती, पण शफीचाचांनी तिचं घुटं तीन वेळा मागून घेतल्यावर ती विरघळली ती कायमची. त्यांची एक रीत होती. सकाळी कामावर आले की ते प्रत्येक पॅनेलच्या दाराला उलटा हात लावत जायचे, पंजाची मागची बाजू. तळहात लावायचा नाही, कारण करंट असला तर मूठ मिटते आणि माणूस चिकटतो. उलट्या हाताला झटका बसला तर हात आपोआप मागे येतो. हे सगळेच जुने वायरमन करतात. पण शफीचाचांच्या उलट्या हाताला दाराची ऊब कळायची. कालपेक्षा आज किती, हे ते सांगायचे आणि ते खरं निघायचं. दोनदा त्यांनी असं सांगून सांधे उघडायला लावले होते, दोन्ही वेळा आत काळं पडलेलं निघालं. साहेब लोकसुद्धा विचारायचे, शफी, हात काय म्हणतो. तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच मिरवायला.

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला मी गेले तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी. पुढे नानांच्याच कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागले. कारखान्यात दुसरी बाई नव्हती, स्वच्छतेलाही नव्हती. आमचा सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, पण माझ्याबद्दल बोलताना तो नेहमी माझ्या डोक्यावरून नानांकडे बघायचा. वर्षभर बघू, चूक नाही झाली तर कायम करायला वर शब्द टाकीन, असं त्याने नानांना सांगितलं होतं. चूक नाही झाली तर. हे चार शब्द मी उशाला घेऊन झोपायचे. एकाच कामात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं: तीन नंबरच्या पॅनेलच्या मागची जागा इतकी अरुंद, की पट्ट्यांच्या मागच्या सांध्यापर्यंत न खरचटता फक्त माझा हात पोचायचा. माझ्याआधी तिथे नाना आणि शफीचाचा खरचटून रक्तबंबाळ व्हायचे. तिथे बारा नट होते. मी आवळायचं आणि रंग द्यायचा, नानांनी आईच्या फणेरपेटीतला छोटा आरसा आत धरून रेघा मोजायच्या, अशी वाटणी ठरली. नटापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, डोळा पोचत होता.

कारखाना बंद ठेवायचा तो खंडेनवमीला. सकाळपासून आवळाआवळी, झाडपूस, दुपारी यंत्रांची पूजा, आणि दसऱ्यानंतर पुन्हा सुरू. त्या वर्षीचा रंग डाळिंबी होता, मीच निवडलेला. टॉर्कचा पाना एकच, आणि तो पुढच्या बाजूला शफीचाचांच्या हातात. मी मागे अंग चोरून बसलेली. आश्विनातलं ऊन पत्र्यावर तापत होतं, बाटलीतला रंग घट्ट होऊन ब्रशला गोळे यायला लागले होते. आणखी अर्ध्या तासाने तो रेघ ओढण्याच्या लायकीचा राहिला नसता. मी विचार केला, पाना येईपर्यंत रिकामं का बसायचं. बाराही नटांवर रेघा ओढून ठेवल्या. नट फिरवला की रेघ मोडेल, मग परत एक बारीक बोट फिरवू. आधी कळस मग पाया. तेव्हा ती मला हुशारी वाटली होती.

पाना आला. मी आवळत गेले. टक्, टक्. तोवरचे नट फारसे फिरतच नव्हते, कारण गेल्या वर्षीचे चांगले आवळलेले होते. रेघा जराशा सरकायच्या, एवढंच. तेवढ्यात सुपरवायझरची हाक आली. पूजेला मालकांच्या घरच्या बाई यायच्या होत्या, त्या येणार नाहीत असा निरोप आला होता. गुरुजी खोळंबले होते. कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस आहे की आपल्याकडे, तिलाच बोलवा. वर्षभर मला बाई समजू नका म्हणून मी जीव काढत होते, आणि त्या दिवशी कौतुकाने बोलावल्यावर पळत गेले, हेही लिहून ठेवते. पॅनेलच्या दारांना हळदीकुंकवाची बोटं लावली, झेंडूची माळ चढवली, पान्यांना, इन्सुलेशन तपासायच्या मेगरला, नानांच्या पकडीला कुंकू लावलं. सगळे हात जोडून उभे होते. शफीचाचांनी प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. हात धुऊन मी परत मागे शिरले. अंधारात बारा डाळिंबी रेघा ओळीने दिसत होत्या. आवळता आवळता मी कुठे थांबले होते? अकराव्यावर का बाराव्यावर? रेघा तर सगळ्यांवर होत्या. माझ्याच खुणेने मला सांगितलं की काम झालंय, आणि मी ते ऐकलं. नानांनी आरसा आत धरला, मोजलं, बारा. मेगर फिरवून इन्सुलेशन तपासलं, तेही उत्तम आलं. सैल सांधा मेगरला कळत नाही. नानांनी वहीत बारा लिहून खाली सही केली. न पाहिलेलं त्यांनी त्या वहीत आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

नाशकातली थंडी पडली. सकाळी लोखंडाला हात लावावा तर चटका बसल्यासारखा गार. एका सकाळी शफीचाचा तीन नंबरपाशी थांबले. उलटा हात लावला, काढला, दुसऱ्या ठिकाणी लावला, परत तिथे आणला. नानांना हाक मारून म्हणाले, इथं ऊब हाय. नानांनी हात लावला, त्यांना काही विशेष वाटलं नाही. सुपरवायझर आला, त्यालाही नाही. मागचं उघडायचं म्हणजे पूर्ण शटडाऊन, आणि तेव्हा ऑर्डरचा जोर होता. तो म्हणाला, खुणा ठीक होत्या ना? नाना माझ्याकडे वळले.

“बारा झाले होते ना गं?”

मला त्या क्षणी हळदीने पिवळी झालेली माझी बोटं दिसली. अगदी स्पष्ट दिसली. पाना खाली ठेवतानाचा आवाज आठवायचा प्रयत्न केला आणि तो आठवला नाही. सुपरवायझर माझ्या डोक्यावरून नानांकडे बघत होता.

“हो,” मी म्हणाले.

नाना शफीचाचांना म्हणाले, “शफी, रेघा मी स्वतः आरशात पाहिल्यात. पोरीनं नीट केलंय.”

शफीचाचा हाताकडे बघत म्हणाले, “मग माझंच चुकत असंल.” पण त्यानंतर ते रोज तिथे जास्त वेळ थांबायचे. मी ते बघायचे आणि दुसरीकडे बघायचे. तीन महिने. तीन महिन्यांत मला रोज तोंड उघडता आलं असतं. हे आता लिहिताना हात थांबतो, तेव्हा जीभ थांबली होती. मला कायम व्हायचं होतं. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली.

होळी होऊन गेली होती, जेवणाच्या सुटीला थोडा वेळ होता. मी स्टोअरमध्ये होते. नेहमीचा एकसुरी घूं मध्येच जाड झाला, एवढं मला ऐकू आलं. ते शफीचाचांनाही ऐकू आलं असणार, कारण ते उठून तीन नंबरकडे गेले आणि त्यांनी दार उघडलं. त्यानंतरचा आवाज मी सांगणार नाही. सगळा कारखाना एकदम गप्प झाला आणि त्या शांततेत कुणीतरी पाणी पाणी म्हणून ओरडत होतं. मी धावत गेले तेव्हा नानांनी त्यांना घोंगडीत गुंडाळलं होतं. त्यांचे दोन्ही हात समोर धरलेले होते, कुणाला काहीतरी देताना धरावेत तसे.

पॅनेल नानांनीच सोडवलं, दुसऱ्या दिवशी दिवसभर. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. आईने तीन ताटं वाढली होती आणि चौथ्या ताटाची जागा तिने नुसतीच सोडली होती. नानांनी खिशातून एक काळा पडलेला नट काढला आणि भाकरीच्या कडेला ताटात ठेवला.

“बाकीचे अकरा पान्यानं काढले. हा हातानं निघाला.”

आईला काही कळलं नाही. ती म्हणाली, जेवणाच्या ताटात लोखंड कशाला. नानांनी तो उचलून परत खिशात घातला. भाकरीला कुणी हात लावला नाही. मी वाट बघत होते की ते मला मारतील, निदान ओरडतील. ते उठून पिशवीपाशी गेले, डाळिंबी बाटली उचलली आणि बाहेर गटारीत टाकून आले. पुन्हा त्या फळीवर बाटली आली नाही.

चौकशी झाली. अशा चौकशीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, पाल शिरली होती का? पाली शिरतातच पॅनेलमध्ये, उबेला येतात, दोन पट्ट्यांवर आडव्या पडतात आणि जाळ होतो. पालीवर कुणाची सही नसते. साहेबाने विचारलं आणि नाना म्हणाले, हो, जळालेली पाल होती. तसा कागद झाला. शफीचाचांना जी भरपाई मिळायची ती पालीनेही मिळणार होती, त्यात त्यांचं नुकसान नाही, असं नाना आईला हळू आवाजात समजावत होते. पण खरं तर स्वतःलाच समजावत होते. पावसाळ्याच्या तोंडावर मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. आईने शिरा केला. मी तो खाल्ला.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही दोघं मालेगावला गेलो. एसटीत नानांनी डोळे मिटून घेतले. मला मात्र पक्कं वाटत होतं की आज मी सांगणार. आग्रा रोडवर मनात वाक्य जुळवत गेले. गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, माणसं एकमेकांशी ओरडून बोलत होती. शफीचाचांच्या घरी खाटेवर ते भिंतीला टेकून बसले होते. एक डोळा गेला होता, दुसऱ्याने धूसर दिसायचं. हातांची बोटं एकमेकांना चिकटून सुकली होती, मागच्या बाजूला मांडीची कातडी लावलेली, गुळगुळीत. चाचीने चहा आणला आणि बशी माझ्या हातात दिली. मी ती त्यांच्या ओठांना लावली. फार गरम होता का विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले, हाताला आता गरम-गार काही समजत नाही बेटा, ओठाला समजतं तेवढं.

मग त्यांनी नानांना विचारलं, “पाल होती म्हणं?”

नाना म्हणाले, “हो.”

शफीचाचांनी सुकलेले हात मांडीवर उलटे ठेवले. बाहेर माग चालू होते. मग ते म्हणाले, “तीस साल या हातावर भरोसा ठेवला, नाना. हात बोलला सांधा तापलाय. रोज बोलायचा. आणि निघाली पाल. म्हंजे हात पण खोटाच निघाला ना. मी उगा लोकांसमोर मिरवत होतो.”

हे ते तक्रारीने बोलले नाहीत. हिशेब लागला, एवढाच सूर होता. एक उत्तर होतं, त्या खोलीत ते फक्त आम्हा दोघांकडे होतं. नानांनी मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. माझ्या हातात बशी होती. मी ती परत त्यांच्या ओठांना लावली. आग्रा रोडवर जुळवलेलं वाक्य मी मूग गिळतात तसं गिळलं, आणि चाचीला विचारलं, खारी अजून त्याच बेकरीतून आणता का.

परतताना नाना एकदाच बोलले. चांदवडचा घाट चढताना खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वहीत मी बारा लिवले, अन् कागदावर पाल लिवली. आता माझ्या लिवण्याला काय अर्थ हाय.” त्यांनी नोकरी निवृत्तीपर्यंत केली, पण वही ठेवली नाही. आरसा आईच्या फणेरपेटीत परत गेला. पुढच्या वर्षी शफीचाचा गेल्याचं पत्र आलं, ते आईने वाचून दाखवलं. नानांना जाऊनही आता खूप वर्षं झाली.

मी त्याच धंद्यात राहिले. पुढे टेस्टिंगची कामं घेतली, अंबडपासून सिन्नरपर्यंत पॅनेलं उघडली. माझ्या हातून पुन्हा एकही नट सैल राहिला नाही. लोक याला अनुभव म्हणतात. त्याने काहीही भरून निघालेलं नाही, आणि म्हातारपणी काही उमज पडते म्हणतात, तशीही पडलेली नाही. हल्ली बरोबरची मुलं थर्मल कॅमेरा आणतात. दार न उघडता पडद्यावर सांधा पिवळा-तांबडा दिसतो. परवा एकाने मला सांगितलं, मॅडम, कॅमेरा खोटं बोलत नाही. मी त्याला म्हटलं, हातही बोलत नसे. त्याला वाटलं, म्हातारी जुन्या दिवसांचं कौतुक सांगते आहे.

तुमचा हात खरा होता, चाचा. सांधा सैल होता, माझ्यामुळे. एवढंच सांगायचं होतं, आणि बशीतला चहा संपायच्या आत ते सांगून झालं असतं.